कोल्हापूर प्रकरण आणि वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी

कागल म्हटले की हल्ली परगावच्या माणसाला पंचतारांकित औद्योगिक वसाहत आठवते. महामार्गावरून जाताना दिसणारे कारखाने, पाळी सुटल्यावरची गर्दी, भाड्याच्या खोल्या, हीच आता आपली ओळख झाली आहे. आपल्या मंडळातही निम्म्याअधिक भगिनी बाहेरगावाहून येथे संसार थाटायला आलेल्या आहेत. त्यांना कागल म्हणजे घाटग्यांची जहागीर, राजर्षी शाहू महाराजांचे जन्मघराणे, एवढे तरी ठाऊक असते. पण घाटग्यांच्या घरातले दहा वर्षांचे मूल कोल्हापूरच्या गादीवर दत्तक कसे गेले, त्याच्या आधी त्या गादीवर कोण होते, आणि त्या माणसाविषयी लिहिल्यामुळे लोकमान्य टिळक आणि आगरकर यांना त्यांच्या आयुष्यातला पहिला तुरुंगवास कसा घडला, ही हकीकत फारशी कोणी सांगत नाही. ती सांगावी म्हणून हा लेख.

पण त्या आधी थोडे मागे गेले पाहिजे. इंग्रजांचे राज्य कायद्याचे राज्य होते असे आपण लहानपणापासून ऐकतो. ते कायदे वर्तमानपत्रांच्या बाबतीत कसे होते ते पाहण्यासारखे आहे. मराठीतले पहिले वर्तमानपत्र ‘दर्पण’ हे बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत काढले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८३५ साली, मेटकाफ नावाच्या गव्हर्नर जनरलने छापखान्यांवरची जुनी बंधने काढून टाकली. त्याबद्दल विलायतेतले त्याचे मालक त्याच्यावर नाराजच झाले. सत्तावन्नच्या बंडात लॉर्ड कॅनिंगने वर्षभरासाठी पुन्हा परवान्याचा कायदा आणला. पण खरी मुस्कटदाबी केली ती लॉर्ड लिटनने.

हा लिटन साहेब स्वतः कवी होता. दुष्काळाने दख्खनची माणसे आणि जनावरे पटापटा मरत असताना याने १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस थाटामाटाचा दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले. देशी वर्तमानपत्रे त्यावर गप्प कशी बसतील? तेव्हा १४ मार्च १८७८ रोजी एका दिवसात कायदा मंजूर झाला. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचा कायदा. त्याची तऱ्हा अशी की, मॅजिस्ट्रेटने छापखान्याच्या मालकाला बोलवायचे, सरकारविरुद्ध अप्रीती पसरेल असे काही छापणार नाही असा जातमुचलका लिहून घ्यायचा आणि वर अनामत रक्कम ठेवून घ्यायची. पुन्हा आगळीक झाली तर अनामत जप्त, आणि मग छापखानाच जप्त. कोर्टात दाद मागण्याची सोय नाही. ज्याला जातमुचलका नको असेल त्याने छापण्यापूर्वी मजकुराचे कच्चे कागद सरकारी अधिकाऱ्याला दाखवून आणावेत, अशी एक पळवाट ठेवली होती. म्हणजे सासूला दाखवल्याशिवाय डबा उघडायचा नाही, त्यातलाच हा प्रकार.

यातली मेख अशी की, इंग्रजी भाषेतल्या पत्रांना हा कायदा लागूच नव्हता. बंगालचे ‘अमृत बझार पत्रिका’ हे पत्र त्यामुळे आठवड्याभरातच बंगाली सोडून इंग्रजीत निघू लागले. भीती विचारांची होती की भाषेची, असा प्रश्न मला पडतो. इंग्रजी वाचणारे मूठभर होते. मराठी, बंगाली वाचणारा एक माणूस पाराखाली बसून वीस जणांना वाचून दाखवू शकत होता. मला वाटते सरकारला भीती त्या पाराखालच्या वीस जणांची होती.

आणखी एक गंमत. मुंबई सरकारच्या पदरी भाषांतरकाराचे एक खातेच होते. मराठी, गुजराती, कानडी पत्रांत आठवडाभर सरकारविषयी काय काय आले ते उतरवून, त्याचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला छापून तो गुप्तपणे वरिष्ठांकडे जाई. गव्हर्नर साहेबांना मराठीचा गंध नसला तरी कोणत्या गावच्या कोणत्या पत्राने काय म्हटले हे त्यांच्या टेबलावर येत असे. आज कित्येक जुन्या पत्रांचे अंक नष्ट झाले आहेत, पण त्या सरकारी गोषवाऱ्यांत त्यांचे चार शब्द शिल्लक राहिले आहेत. पाळत ठेवणाऱ्यानेच जपून ठेवले म्हणायचे!

लिटनचा कायदा त्याच्यामागून आलेल्या लॉर्ड रिपनने १८८२ च्या आरंभी रद्द केला. देशभर आनंद झाला. आणि त्याच वर्षी आपले कोल्हापूर प्रकरण घडले.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीत फ्लॉरेन्स शहरी वारले. मागे मुलगा नव्हता. १८७१ साली आठ वर्षांचा एक मुलगा दत्तक घेतला गेला, तेच चौथे शिवाजी महाराज. सगळा कारभार पोलिटिकल एजंट आणि दिवाण यांच्या हाती. मूल इंग्रज शिक्षक आणि देखरेख करणारे गोरे अधिकारी यांच्या ताब्यात. आईच्या हातचा घास नाही, आपल्या माणसांत मोकळेपणाने वावरणे नाही. पुढे या तरुण महाराजांची प्रकृती बिघडली, त्यांना वेड लागले आहे असे सरकारने ठरवले आणि शेवटी त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवले. १८८२ साली राज्याचा कारभार पाहण्यासाठी रीजंट म्हणून नेमणूक झाली ती कागलचे अधिपती जयसिंगराव घाटगे, म्हणजे आबासाहेब, यांची.

महाराज खरोखरच वेडे होते, की त्यांना छळून वेडे केले, यावर त्या वेळी महाराष्ट्रभर चर्चा होती. पुण्यात १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही दोन नवी पत्रे निघाली होती. केसरीचे संपादक गोपाळ गणेश आगरकर, मराठ्याचे बाळ गंगाधर टिळक. दोघेही पंचविशीच्या आसपासचे. एकाच ध्येयाने शाळा काढलेले, खिशात पैसा नसलेले तरुण. त्यांनी कोल्हापूरच्या महाराजांची बाजू उचलून धरली आणि दिवाण रावबहादुर माधवराव बर्वे यांच्यावर कडक टीका केली. पुढे काही पत्रे उजेडात आली. बर्व्यांनी लिहिलेली म्हणून ती दाखवली जात होती आणि त्यांवरून महाराजांविरुद्ध कट असल्याचे दिसत होते. केसरी व मराठा यांनी त्या आधारे लिहिले. पुण्याच्या ‘ज्ञानप्रकाश’वरही याच प्रकरणी खटला झाला.

बर्व्यांनी बेअब्रूचा खटला भरला. आणि कोर्टात काय निघाले? ती पत्रे बनावट होती. ज्याने ती पुरवली त्या नाना भिडे यांना निराळी शिक्षा झाली. टिळक-आगरकरांनी कोर्टात दिलगिरीही व्यक्त केली, पण १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार-चार महिन्यांची साधी कैद झाली.

येथे थोडे थांबले पाहिजे. पुष्कळ पुस्तकांत ही गोष्ट अशी सांगतात की इंग्रज सरकारने दोन देशभक्तांना विनाकारण तुरुंगात घातले. तसे नाही. खोट्या कागदांवर विसंबून एका माणसाची बदनामी छापली गेली होती, आणि बर्वेही कोणाचे तरी पती होते, कोणाचे वडील होते. त्यांच्या घरच्या बायकांना त्या दिवसांत काय ऐकून घ्यावे लागले असेल हे आपण बायकांनी तरी विसरू नये. पत्रे छापण्याआधी तपासायला हवी होती. पण हेही तितकेच खरे की, पत्रे खोटी असली तरी नगरच्या किल्ल्यातला कैदी खोटा नव्हता. संस्थानातला कारभार बंद दाराआड चाले. एजंट काय करतो, दिवाण काय करतो, महाराजांना भेटायला कोणाला सोडतात, हे विचारायची कोणतीही जागा प्रजेला नव्हती. जेथे खरी बातमी कळण्याची वाटच बंद असते तेथे बनावट कागदाला बाजारात किंमत येते. आजही आपल्या मोबाईलवर पहाटेपासून काय काय येते ते पाहिले की हे पटेल.

खटल्याच्या काळात जामीन राहायला श्रीमंत माणूस हवा होता. तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनी पुढाकार घेऊन त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे यांच्याकडून दहा हजार रुपयांचा जामीन मिळवून दिला. फुल्यांचे आणि केसरीच्या मंडळींचे विचार जुळत नव्हते, उलट वादच होते. तरीही दोघे सुटून आल्यावर फुले आणि नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यांचा सत्कार घडवून आणला. २६ ऑक्टोबर १८८२ रोजी दोघे मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगातून बाहेर पडले. १०१ दिवस झाले होते. आगरकरांनी पुढे त्या दिवसांवर एक लहानसे पुस्तकच लिहिले. एका खोलीत दोघे, रात्री समाजसुधारणेवर वाद घालता घालता आवाज इतका चढे की पहारेकऱ्याला येऊन गप्प करावे लागे. बायकांचे शिक्षण, बालविवाह, विधवांचे केशवपन या प्रश्नांवर पुढे हे दोघे एकमेकांपासून दूर गेले, आणि आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ हे स्वतंत्र पत्र काढले. आपण आज येथे वाचायला, लिहायला, मंडळ चालवायला जमतो त्यात त्या आगरकरांचा वाटा मोठा आहे.

इकडे नगरच्या किल्ल्यात काय झाले? २५ डिसेंबर १८८३ रोजी, नाताळच्या दिवशी, पहाऱ्यावरील ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर चौथे शिवाजी महाराज मरण पावले. वय अवघे वीस. ज्यांनी त्यांच्या हालांविषयी आवाज उठवला होता ते आधीच तुरुंग भोगून आले होते. महाराजांच्या तरुण विधवा आनंदीबाई राणीसाहेब यांनी १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या आबासाहेबांचे चिरंजीव यशवंतराव यांना दत्तक घेतले. तेच शाहू छत्रपती. आपण २६ जूनला ज्यांची जयंती करतो, त्यांच्या गादीमागे ही एवढी दुःखाची कथा आहे. आबासाहेबही फार जगले नाहीत. १८८६ च्या मार्चमध्ये ते वारले. शाहू महाराजांची आई तर ते तीन वर्षांचे असतानाच गेली होती. राजवाड्यातली मुले सुखी असतात असे आपण समजतो!

आणखी एक योगायोग सांगण्यासारखा आहे. या सगळ्या काळात मुंबईचे गव्हर्नर होते सर जेम्स फर्ग्युसन. तुरुंगातून सुटल्यावर दोनच वर्षांनी याच टिळक-आगरकरांनी आपल्या सहकाऱ्यांसह डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापली, आणि १८८५ च्या जानेवारीत निघालेल्या त्यांच्या कॉलेजाला नाव दिले फर्ग्युसन कॉलेज. कोणी म्हणेल स्वाभिमान कोठे गेला? मला तसे वाटत नाही. शाळा चालवायची तर सरकारशी रोज उठून भांडून भागत नाही, हे ज्याने संस्था चालवली आहे त्याला कळते.

पुढचे गव्हर्नर मात्र इतके साधे नव्हते. १८९७ साली पुण्यात प्लेगाची साथ होती आणि गव्हर्नर होते लॉर्ड सँडहर्स्ट. गोरे सोल्जर घरात शिरून तपासणी करीत, माणसे इस्पितळात नेत, सामान जाळीत. बायकांशी होणाऱ्या वागणुकीविषयी लोकांत फार चीड होती. या बाबतीत जाहीरपणे लिहिणाऱ्यांत एक बाई होती हे आपण अभिमानाने सांगावे. पंडिता रमाबाईंनी आपल्या आश्रमातल्या एका मुलीचे प्लेगच्या इस्पितळात काय झाले याविषयी मुंबईच्या एका इंग्रजी पत्रात लिहिले. गव्हर्नरांनी ते आरोप नाकारले. गोखल्यांनी विलायतेत सोल्जरांच्या वागणुकीचा प्रश्न काढला, पण परत आल्यावर पुरावा देता येईना, म्हणून त्यांना जाहीर माफी मागावी लागली. अशा गोष्टीचा पुरावा कोणती बाई कोर्टात येऊन देईल? तेव्हाही नाही, आणि आताही किती देतात ते आपल्याला माहीत आहे.

२२ जून १८९७ च्या रात्री प्लेग कमिटीचे रँड साहेब यांच्यावर गोळी झाडली गेली. त्याच्या आठवडाभर आधी केसरीत आलेल्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यांना दीड वर्षाची शिक्षा ठोठावली गेली. राजद्रोहाचे हे १२४ अ कलम कायद्यात १८७० साली घातले गेले होते. १८९८ साली ते आणखी कडक केले. ज्या दंड संहितेत ते होते ती संहिताच १ जुलै २०२४ पासून गेली, तोवर ते पुस्तकात राहिले होते.

१९०८ साली तर कहरच झाला. सर जॉर्ज क्लार्क तेव्हा मुंबईचे गव्हर्नर. ‘काळ’चे शिवरामपंत परांजपे जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात तुरुंगात गेले, आणि २२ जुलैला टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. सहा वर्षांचे सहा दिवस. येथल्या कारखान्यांत ज्यांची माणसे आहेत त्यांना सहा दिवसांची मजुरी बुडणे म्हणजे काय ते सांगायला नको. टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना १९१२ च्या जूनमध्ये त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. शेवटची भेट नाही. संपादकांच्या चरित्रांत या बाईंना जेमतेम एक परिच्छेद मिळतो.

आता पुन्हा कोल्हापूर. येथील राजाराम कॉलेजात विष्णु गोविंद विजापूरकर नावाचे विद्वान प्राध्यापक होते. त्यांनी ‘ग्रंथमाला’ नावाचे मासिक चालवले, राष्ट्रीय शिक्षणासाठी समर्थ विद्यालय काढले आणि ‘विश्ववृत्त’ हे मासिक कोल्हापुरातून सुरू केले. त्या मासिकात १९०८ साली पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा वेदांतल्या प्रार्थनांच्या तेजस्वितेवर एक लेख आला. लेख वेदमंत्रांवरचा. पण सरकारला त्यात राजद्रोह दिसला. ज्याला भीती वाटते त्याला दोरीत साप दिसतो, तसे मंत्रात बंड दिसले. विजापूरकर आणि त्यांचे तरुण सहकारी वामन मल्हार जोशी यांना तीन-तीन वर्षांची शिक्षा झाली. मूळ लेखक सातवळेकर यांना पकडून कोल्हापुरात आणले, पण ते सुटले. ज्याने लिहिले तो सुटला, ज्यांनी छापले ते अडकले! हे संस्थान शाहू महाराजांचे होते हेही लपवण्यात अर्थ नाही. एकीकडे ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद, दुसरीकडे डोक्यावर इंग्रज पोलिटिकल एजंट. महाराजांना किती मोकळीक होती याचा विचार करूनच त्यांना दोष द्यावा. समर्थ विद्यालयही १९१० साली सरकारने बंद पाडले.

वामन मल्हार जोशी तुरुंगातून आले तेव्हा तिशीचे होते. पुढे ते अण्णासाहेब कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत मुलींना शिकवायला गेले आणि आयुष्याचा मोठा भाग त्यांनी बायकांच्या शिक्षणात घालवला. ‘रागिणी’ ही त्यांची कादंबरी वाचलेली एखादी आजी आपल्या मंडळाच्या आसपास अजून सापडेल. शिकलेल्या बायकांच्या मनात काय चालते हे मराठीत गंभीरपणे लिहिणाऱ्यांत ते अगदी पुढचे. कोल्हापूरने ज्यांना राजद्रोही म्हणून पाठवले त्यांच्या हाताखाली कितीतरी मुली पदवीधर होऊन बाहेर पडल्या.

१९१० साली नवा प्रेस ॲक्ट आला. नव्या छापखान्याने पाचशेपासून दोन हजार रुपयांपर्यंत अनामत भरावी, असा त्यात नियम होता. तेव्हा सोने तोळ्याला किती होते याची आठवण आजोबा-पणजोबांकडून ऐकली असेल, त्यावरून हिशेब करावा. गरिबाने पत्र काढूच नये याची ही सोय.

गरिबांचे पत्र काढायला मग कोण धावले? ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केला, त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. त्याच वर्षी २१ आणि २२ मार्चला कागल जहागिरीतल्या माणगावी अस्पृश्यांची परिषद भरली आणि महाराज स्वतः तेथे गेले. मूकनायकची जाहिरात, पैसे देऊ केले असतानाही, केसरीने छापली नाही, असे बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे. गव्हर्नरांनी ज्याचे तोंड दाबले त्या केसरीनेही दुसऱ्याच्या तोंडावर हात ठेवावा, याचे मला फार वाईट वाटते. तोंड दाबणारा दर वेळी साहेबच असतो असे नाही. घराघरांतही हे चालते, आणि मंडळातही कधी कधी चालते, पण तो विषय निराळा.

शेवटी बायकांची एक गोष्ट सांगून थांबते. १९२३ ते १९२८ या काळात सर लेस्ली विल्सन हे मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांचा पुतळा कोल्हापुरात भर चौकात उभा केलेला होता. १९४२ साली चळवळ पेटली तेव्हा वर्तमानपत्रांवर युद्धकाळची बंधने होती, गांधीजींचा ‘हरिजन’ही बंद पडला होता, आणि चळवळीच्या बातम्या हाताने फिरवलेल्या पत्रकांवर निघत. त्या वर्षी कोल्हापूरच्या भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे यांनी पुढे होऊन तो विल्सन साहेबांचा पुतळा विद्रूप केला. पुढच्या वर्षी इतर क्रांतिकारकांनी तो फोडला. त्या जागी भालजी पेंढारकरांच्या पुढाकाराने आणि बाबूराव पेंटरांच्या हातचा शिवछत्रपतींचा पुतळा १९४५ साली उभा राहिला. अंबाबाईच्या दर्शनाला जाताना आपण ज्या शिवाजी चौकातून जातो, तो हाच.